माळावरची घरटी आणि उन्हाळी नांगरट : मार्च ते जुलै २०२५च्या नोंदी

२ मार्च

आजपासून ही वही सुरू. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यापासून आमचं रान लांब नाही. एकूण चौदा एकर. खालच्या नऊ एकरांत ज्वारी, बाजरी, थोडा कांदा. वरचे पाच एकर मुरमाड माळ; त्यावर कुसळी, पवना आणि अधूनमधून बोरीची झुडपं. सातबाऱ्यावर या पाच एकरांपुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला नालायक, असं लिहिलेलं आहे.

मागच्या एप्रिलात मी स्वतः बांधावर उभी राहून रोटाव्हेटरला ‘घाल’ म्हणून हात केला होता. डोक्यावर टिटवी ओरडत होती. मला वाटलं कुत्र्यावर ओरडत असेल. मशीन फिरून गेल्यावर ढेकळांत ठिपक्यांचं कवच दिसलं आणि मी मटकन खाली बसले. ती जोडी पुढे दोन दिवस त्याच जागी येऊन बसायला बघत होती. ते डोळ्यांपुढून जात नाही.

अडचण उघड आहे. टिटवी, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, डोंबारी, तितर, रातवा, करवानक, सगळे जमिनीवर अंडी घालणारे. त्यांच्या विणीचा मोठा भाग मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत येतो. आमची ज्वारी निघते तीही मार्चमध्ये, आणि तिथपासून मृगापर्यंत नांगरट, कुळवाच्या पाळ्या, धसकटं वेचणं चालू. म्हणजे त्यांचं घर आणि आमचं औत एकाच वेळी एकाच जमिनीवर. टिटवीची अंडी उबवायला २८ ते ३० दिवस लागतात. तेवढे दिवस त्या तुकड्यात औत गेलं नाही तर काम झालं. पण तेवढ्यासाठी घरटं कुठे आहे हे आधी कळायला हवं.

स्वतःसाठी घातलेले नियम : अंड्यांना हात नाही. घरट्यापाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. सकाळी नऊनंतर जवळ जायचंच नाही, कारण दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली करायला. तो उठला की उन्हात अंडी काही मिनिटांत भाजून निघतात. जागा कुणाला मोबाइलवर पाठवायची नाही.

११ मार्च

खालच्या पट्टीतली मालदांडी ज्वारी काढून झाली. पेंढ्या बांधायचं काम आत्यांकडे.

सकाळी साडेआठला पाझर तलावावर पखुर्ड्या उतरल्या. मी मोजल्या, सतरा. आधी वरून दोन घिरट्या, मग काठापासून लांब उतरून पायी पाण्याकडे. पाणी प्यायल्यावर सगळ्या एकदम उडाल्या. आमच्या धसकटांच्या रानात त्यांतल्या काही बसताना दिसल्या. घरट्यासाठी जागा बघत असतील का? अजून लवकर वाटतं.

नर पखुर्डी पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिलांपर्यंत पाणी नेतो. त्याच्या पोटाच्या पिसांची घडणच पाणी धरून ठेवणारी असते. हे मी आठवीतल्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, मग आपण घरट्याजवळच पाणी ठेवू. त्याला समजावलं की पाणी ठेवलं की कावळे येतात, मांजरं येतात. मदत करायची म्हणजे जवळ जायचं, असं नाही.

२४ मार्च

पहिलं घरटं. घ-१, टिटवी, विहिरीकडच्या बांधावर. तीन अंडी, टोकं आत वळलेली. घरटं कसलं, टाचेने उकरावा तेवढा खळगा, भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या. अंड्यांचा रंग बांधाच्या मातीचाच. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि अंडी दिसत नव्हती.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं. ते लगेच आले, काठी टेकत. सासऱ्यांचा माझ्या या वहीवर फारसा विश्वास नाही, पण टिटवीवर आहे. “बांधावर घातलीत? मग औंदा पाऊस लय,” म्हणाले. उंचावर अंडी म्हणजे भरपूर पाऊस, नाल्यात अंडी म्हणजे दुष्काळ, हा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला हिशेब. मी वाद घातला नाही. ज्यांना पावसाच्या नोंदी कुणी दिल्या नाहीत त्या माणसांनी दर उन्हाळ्यात टिटवीचं घरटं हुडकून पाहिलं, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

२६ला चौथं अंडं. उबवणं आता नीट सुरू.

३० मार्च, पाडवा

परवा घ-२ सापडलं. टिटवीच, पण खालच्या रानात, अगदी मधोमध. चार अंडी.

नेदरलँड्समध्ये शेतकरी आणि स्वयंसेवक कुरणातल्या टिटव्यांच्या घरट्यांशेजारी काठ्या रोवतात, म्हणजे यंत्रावरच्या माणसाला लांबून दिसतं. मी वाचलं होतं, म्हणून मीही तुरीच्या दोन काठ्या रोवल्या, घरट्यापासून चार-पाच पावलांवर.

नांगरट पाच तारखेला ठरली आहे. ट्रॅक्टरवाल्या भाऊंना फोन करून सांगितलं की दोन जागा सोडायच्या. “वहिनी, तासाचे पैसे चालूच राहणार बरं का,” एवढंच म्हणाले. राहू देत.

१ एप्रिल

घ-२ गेलं. काठीवर कावळा बसलेला होता आणि दुसरा खाली. आमच्या उघड्या रानात बसायला उंच काही नसतं. मी ती सोय करून दिली. चूक माझी. त्या जोडीने खूप झुंज दिली असणार, जागेवर पिसं होती.

काठ्या बंद. आता चुना लावलेले दगड, घरट्यापासून वीस पावलांवर, आणि तेही चारी बाजूंना नाही. पूर्वेला एक आणि उत्तरेला एक. दोन्ही दगडांपासून सरळ रेषेत वीस पावलं आत गेलं की घरटं, हे फक्त आम्हाला आणि भाऊंना माहीत.

९ एप्रिल

नांगरट चार दिवस पुढे गेली. भाऊंचा ट्रॅक्टर बिघडला होता, आणि त्या बिघाडाचे उपकार मानावेत असा आजचा दिवस.

सकाळी सहाला धसकटांच्या रानात फिरताना पुढे काहीतरी पळालं. पळालं, थांबलं, ताठ उभं राहिलं, वाकलं, परत पळालं. धाविक. विटकरी छाती, डोळ्यांवरून मागे जाणारी पांढरी पट्टी आणि तिच्याखाली काळी, लांब पांढुरके पाय. या पक्ष्याला उडण्यापेक्षा पळणं आवडतं. तो उघड्या, मोकळ्या जमिनीवरच राहतो. गवत गुडघ्याला आलं की निघून जातो. म्हणजे आपली पडीक रानं, विसाव्याला ठेवलेली रानं, चरून आखूड झालेला माळ, हेच त्याचं घर.

मी बांधाच्या आडोशाला जाऊन बसले. पाऊण तास. तो परत आला, पण सरळ नाही. वीस पावलं डावीकडे, थांबला. मग उजवीकडे, काहीतरी टिपल्यासारखं केलं. मला वाटलं चरतोय. मग एका ढेकळाजवळ आला आणि बसला, आणि बसल्याबरोबर नाहीसा झाला. दुर्बिणीतून त्या ढेकळावरून नजर न हलवता मी उठले आणि चालत गेले. दोन अंडी, उघड्या मातीवर, खळगासुद्धा नावालाच. काळपट ठिपके इतके दाट की मातीचे दोन गोळे वाटावेत. घ-३.

आता प्रश्न जागा किती सोडायची. पहिल्यांदा वाटलं, दहा बाय दहा फूट पुरे. मग विचार केला : चहूकडे काळी नांगरट आणि मधे पिवळा चौकोन. मुंगूस, कावळा, कुत्रं, ज्याला त्याला तो चौकोन दिसणार. सगळं त्यातच शोधतील. म्हणून बांधापासून बांधापर्यंत पूर्ण पट्टाच सोडायचं ठरलं, तीस पावलं रुंद.

मामा खरंच रागावले. “चैतात नांगरलं न्हाई तर जमीन तापत न्हाई, आन तापली न्हाई तर हराळी मरत न्हाई. ह्ये तुला कुणी शिकिवलं न्हाई व्हय?” त्यांचं म्हणणं खरं आहे. उन्हाळी नांगरट उगीच करत नाहीत. हराळीच्या काशा आणि किडींचे कोष उन्हात उघडे पडायला हवेत. मी म्हटलं, मामा, हा पट्टा मेमध्ये नांगरू, तेव्हाही ऊन असतंच. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “त्येचं नाव काय म्हन्लीस?”

संध्याकाळी भाऊंनी पट्टा सोडून नांगरलं. मी ट्रॅक्टरच्या पुढे चालत होते.

१८ एप्रिल

घ-४, डोंबारी. दोन अंडी, ढेकळाच्या पूर्वेच्या कुशीत, म्हणजे दुपारनंतर सावली. नर हवेत वर चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, परत वर. नाव कुणी ठेवलं त्याने हे नीट पाहिलेलं होतं.

२१ला घ-५, माळटिटवी, वरच्या मुरमाच्या सपाटीवर. चार अंडी. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांपुढे पिवळे गलोल, म्हणजे लोंबती कातडी. साधी टिटवी पाण्याच्या आसपास सापडते, ही कोरड्या माळाची. सातबारावाल्यांनी खराब म्हटलेल्या जमिनीवरच ती घर करते.

२४ एप्रिल

काल घ-१ची चारही पिलं निघाली. काही तासांत खळगा सोडून चालायला लागली. आईने एक हाळी दिली की जिथल्या तिथे चिकटून बसतात. पाय पडेल याची भीती वाटते इतकी. ऊन चाळिशीच्या वर आहे. मागचे आठ दिवस टिटवी विहिरीच्या डबक्यात पोट भिजवून येत होती आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसत होती. आत्यांनी पाहिलं आणि डबक्यात दुपारी एक घागर जास्त ओतायला लागल्या. मी सांगितलं नव्हतं.

घ-३चा खड्डा २२ला रिकामा होता, कवचाचा तुकडाही नाही. जीव खाली-वर झाला. काल पट्ट्याच्या टोकाला एक धाविकाचं पिल्लू दिसलं. एक तरी आहे.

२ मे

काल ग्रामसभा झाली. त्याबद्दल नीट लिहायला हवं.

गावच्या गायरानात एका संस्थेमार्फत झाडं लावायची आहेत. त्यासाठी आठवड्यापूर्वी जेसीबी आला आणि सलग समतल चर आणि खड्डे सुरू केले. आमच्या वरच्या माळाला लागूनच ते गायरान आहे. पहिल्याच दिवशी जिथे चर पडला तिथे मी मार्चपासून माळटिटवीची दुसरी एक जोडी पाहत होते. तिथे आता मुरमाचा ढीग आहे. जोडी दिसत नाही.

झाडं लावणाऱ्यांचा हेतू वाईट नाही हे मला ठाऊक आहे. पण उघडा माळ म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. इथे पाऊस कमी आणि माती वीतभर. इथे गवतच यायचं, आणि गवतावर जगणारे जीव यायचे. चिंकारा, लांडगा, खोकड, हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन रात्री गवतात जमिनीवर मुक्काम करणारे भोवत्या ससाणे. सरकारी नकाशांत असल्या जमिनी ‘पडीक’ या रकान्यात जातात आणि मग त्यांचा कुणी काही उपयोग करू बघतं. माळढोकाचं तेच झालं. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्या हद्दीतही तो टिकला नाही. तो एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो, तेही जमिनीवर. मामांनी लहानपणी आमच्याच माळावर ‘हूम’, म्हणजे माळढोकच, पाहिलाय, मेंढ्यांच्या मागे चालताना. माझ्या मुलांना तो चित्रात दाखवावा लागतो.

सभेत हे सगळं बोलता आलं नाही. बायकांना उशिरा बोलू देतात आणि तोवर लोक उठायला लागलेले असतात. मी एवढंच मागितलं : चर थांबवा असं म्हणत नाही, वरच्या सपाटीचं काम जुलैत करा, आत्ता खालच्या ओढ्याकाठी करा. ओढ्याकाठी झाडं जगतील, सपाटीवर टँकरने पाणी घालूनही जगणार नाहीत. एक-दोघे हसले. मग मागून मामा उठले. “टिटवीबी समिंदर आटवती म्हनत्यात. पोरगी सांगती त्ये ऐका,” एवढं बोलून खाली बसले.

निर्णय : सपाटीचं काम पावसाळ्यापर्यंत थांबलं. रद्द नाही, थांबलं.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

आज रात्री वनखात्याची पाणवठ्यांवरची गणना असते. आम्ही आमच्याच बांधावर बसलो, मुलगा आणि मी. साडेसातला रातवा सुरू झाला : शहाबादी फरशीवर गोटी टाकावी आणि ती जवळजवळ टप्पे घेत थांबावी, तसा आवाज. चांदण्यात तो आमच्यापुढून उडाला आणि बोरीच्या बुडाशी बसला. पहाटे जाऊन पाहिलं तर वाळक्या पानांवर दोन अंडी. घ-६. रात्री एक खोकडही दिसलं. मुलाने श्वास धरून ठेवला होता.

डोंबारीची पिलं ७ला घरटं सोडून गेली.

१५ मे

कालची आणि आजची दोन : घ-७ पखुर्डी, तीन अंडी, घ-८ धाविक, दोन अंडी, दुसऱ्या वेळची वीण असावी. दोन्ही सोडलेल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला. मेमध्ये नांगरू असा मामांना दिलेला शब्द मोडावा लागणार. सांगितलं. “मला वाटलंच व्हतं,” म्हणाले.

१७ मे

घ-५ गेलं. कुत्री. पायांचे ठसे स्पष्ट, तीन तरी असावीत. अंडी आजउद्यात फुटायची होती. आत पिलं तयार होती हे कवचांवरून दिसत होतं. आज आणखी काही लिहवत नाही.

१९ मे

कुत्री वस्तीवरचीच आहेत. त्यांतलं एक आमच्याच दारात भाकरी खातं. लांडग्याने, घोरपडीने घरटं खाल्लं तर तो त्यांचा वाटा. पण कुत्र्यांची संख्या आमच्या उष्ट्यावर आणि गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर वाढलीय. आमचं कुत्रं आजपासून रात्री दहा ते सकाळी नऊ साखळीला. शेजारच्या चार वस्त्यांवर जाऊन हेच मागितलं, दोघांनी मानलं. नसबंदीसाठी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारायचं आहे.

२६ मे

तीन दिवस पाऊस. केरळात मॉन्सून २४ला पोचला आणि आज मुंबईत. रोहिणी नुकत्याच लागल्यात आणि आमच्या रानात घोट्याएवढं पाणी आहे. असा मे मामांनीही पाहिला नव्हता.

पहाटे उघडीप मिळाली तशी पळत गेले. खालच्या टोकाला पट्ट्यात पाणी साचलं होतं. घ-७ आणि घ-८ दोन्ही पाण्याखाली. एक अंडं तरंगत बांधाला लागलेलं. पखुर्डी जवळच भिजून उभी होती.

पट्टा सोडला होता तो नांगरलेल्या रानापेक्षा थोडा खोल राहतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ट्रॅक्टरपासून वाचवताना पाण्याचा विचार केला नाही. पावसाळा पंधरा दिवस आधी येईल असं कुणाला वाटलं होतं! तरी पुढच्या वर्षी सोडायचा पट्टा वरच्या अंगाचा. खालच्या टोकाला घरटं सापडलं तर कुदळीने भोवती लांबून एक चारी काढता येईल का, बघायचं.

वरच्या मुरमावर पाणी थांबलेलंच नाही. रातवा जागेवर बसलेला, पिसं ओली, डोळे मिटलेले. २९ला एक पिल्लू दिसलं, आईच्या पंखाखालून अर्धं बाहेर.

आणि बांधावरची टिटवी? तिची पिलं महिन्याची झालीत, चारातली दोन उरलीत, दोन्ही ठणठणीत. मामा दिवसभर कुणालाही भेटले की सांगत होते, टिटवीनं मार्चातच सांगितलं व्हतं.

८ जून

मृग लागला. वाफसा नाही. मशागत सगळ्या गावाचीच राहिली, त्यामुळे हराळीवरून आता कुणी मला बोलू शकत नाही.

मेंढरं माळावर आली. धनगर बाबा दर वर्षी कोकणातून परतताना आमच्याकडे चार दिवस बसतात. खताला आम्हाला हवेच असतात. त्यांना दगड दाखवले. परवा सापडलेलं घ-९ दाखवलं, टिटवीचं, वरच्या माळावर. ते म्हणाले, “बाय, ह्ये दगूड तुमास्नी. आमास्नी टिटवीच दावती.” मेंढरं जवळ आली की टिटवी उडत नाही, पंख पसरून घरट्यापुढे उभी राहते, आणि पुढची मेंढी बिचकून बाजूने जाते. मागचा कळप तिच्यामागून. मी आज हे डोळ्यांनी पाहिलं. दोनशे मेंढरं एका मूठभर पक्ष्याला वळसा घालून गेली.

बाबांना विचारलं, लहानपणी जास्त घरटी दिसायची? त्यांनी हाताने सगळा माळ दाखवला, आता उसाखाली गेलेल्या जमिनीसकट.

२९ जून

बाजरी पेरली. वरच्या एका एकरात पाभरीने, बैल शेजाऱ्यांचे. काल त्याच एकराच्या कडेला करवानक अंड्यांवर बसलेला सापडला. दोन अंडी, घ-१०. मोठे पिवळे डोळे, आणि आपण कितीही जवळ गेलो तरी दगड झाल्यासारखा निश्चल. पाभर धरणाऱ्या काकांनी माझ्या आधी बैल थांबवले आणि वळणच तिथून दहा काकऱ्या आधी घेतलं. ट्रॅक्टरवर हे जमत नाही. उंचावर बसलेल्या माणसाला जमिनीवरचं दिसत नाही.

१४ जुलै

घ-९ची तीन पिलं ५ला निघाली, चौथं अंडं तसंच राहिलं.

आतापर्यंत दहा घरटी. १, ३, ४, ६, ९ यांतून पिलं बाहेर पडली. २ कावळ्यांनी, ५ कुत्र्यांनी, ७ आणि ८ पावसाने नेली. १० चालू. नांगराखाली एकही गेलं नाही.

सपाटीवरचे खड्डे पुढच्या सोमवारी सुरू करणार असा निरोप आलाय. उद्या सकाळी तिथून एक फेरी मारायची, मामा बरोबर येतो म्हणालेत. करवानकाची अंडी २० ते २५ जुलैच्या दरम्यान फुटावीत. तोवर त्या कडेला बाजरीची खुरपणी नको, हे बायकांना सांगायचं राहिलंय.